अमेरिकेतील ग्रामीण कुटुंब आणि समलिंगी तरुणाची घडण : कादंबरीतील चित्रणाचा ऐतिहासिक अभ्यास (१९४८ ते १९९५)

प्रस्तावना

वयात येणाऱ्या व्यक्तीची मानसिक व सामाजिक घडण हा आधुनिक कादंबरीचा एक मूलभूत विषय आहे. गटेच्या 'विल्हेल्म माइस्टर' (१७९५-९६) या कादंबरीपासून या प्रकाराची परंपरा सांगितली जाते. मराठीत भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) आणि आनंद यादव यांची 'झोंबी' (१९८७) या कादंबऱ्यांमध्ये ग्रामीण कुटुंबातील मुलाची घडण केंद्रस्थानी आहे. बापाची सत्ता, शेतीतील श्रम, शिक्षणाची ओढ आणि गावाशी असलेले तुटलेपणाचे व ओढीचे नाते हे या लेखनाचे विशेष मराठी वाचकाला परिचित आहेत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत याच प्रकाराची एक स्वतंत्र शाखा विकसित झाली. ग्रामीण कुटुंबात वाढणारा समलिंगी मुलगा हा तिचा नायक होय. या शाखेतील प्रमुख कृती पाहिल्या असता त्यांचा शेवट बहुधा दोनच प्रकारे होतो असे दिसून येते. नायक गाव सोडून जातो, किंवा त्याचा मृत्यू होतो. त्यामुळे 'खेड्यात अशा तरुणाला जगताच येत नाही' असा निष्कर्ष सहज काढला जातो. प्रस्तुत निबंधात या निष्कर्षाची ऐतिहासिक तपासणी केली आहे. कादंबरीतील शेवट हा ग्रामीण जीवनाचा पुरावा मानावा, की लेखन व प्रकाशन यांच्या विशिष्ट परिस्थितीतून निर्माण झालेला संकेत मानावा, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

१. अभ्यासाची व्याप्ती व साधने

अभ्यासाचा कालखंड १९४८ ते १९९५ असा निश्चित केला आहे. ट्रुमन कपोटी यांची 'अदर व्हॉइसेस, अदर रूम्स' ही कादंबरी १९४८ मध्ये, तर जिम ग्रिम्स्ली यांची 'ड्रीम बॉय' ही कादंबरी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. रँडल केनन आणि ग्रिम्स्ली या नॉर्थ कॅरोलायना राज्यात वाढलेल्या दोन लेखकांवर विशेष भर दिला आहे. एक कृष्णवर्णीय आणि एक श्वेतवर्णीय असे हे दोन लेखक एकाच राज्याच्या पूर्व भागातील शेतीप्रधान परिसरातून आलेले असल्याने त्यांची तुलना उपयुक्त ठरते. कादंबऱ्यांच्या जोडीला मौखिक इतिहासावर आधारित संशोधनग्रंथांचा आधार घेतला आहे. अभ्यास पुरुष नायकांपुरता मर्यादित आहे. ग्रामीण स्त्रियांच्या समलिंगी जीवनाचा इतिहास वेगळ्या सामाजिक नियमांनी बांधलेला असल्याने त्याचा स्वतंत्र विचार व्हावयास हवा.

२. आर्थिक पार्श्वभूमी : कुटुंब हेच उत्पादनाचे एकक

इतिहासकार जॉन डिमिलिओ यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कॅपिटॅलिझम अँड गे आयडेंटिटी' या निबंधात एक महत्त्वाचा सिद्धान्त मांडला. जोपर्यंत कुटुंब हेच उत्पादनाचे एकक होते तोपर्यंत व्यक्तीला कुटुंबाबाहेर उपजीविकेचे साधन नव्हते. मजुरी व पगारावर आधारित अर्थव्यवस्थेने ते उपलब्ध करून दिले आणि समलिंगी आकर्षणाला स्वतंत्र जीवनपद्धतीचे रूप येणे शक्य झाले. या सिद्धान्ताची दुसरी बाजू ग्रामीण समाजाला लागू पडते. शहरात कारखाने व कचेऱ्या वाढल्या तरी कौटुंबिक शेती विसाव्या शतकातही टिकून होती. तेथे मुलगा हा एकाच वेळी अपत्य, मजूर आणि भावी वारस असे. त्याने विवाह न करणे ही खाजगी बाब राहत नसे. जमीन पुढे कोण कसणार, हा प्रश्न त्यातून उभा राही.

ही व्यवस्था याच काळात कोसळत होती. १९२० च्या जनगणनेत अमेरिकेची शहरी लोकसंख्या प्रथमच निम्म्याहून अधिक झाली. १९३५ च्या सुमारास देशात सुमारे ६८ लाख शेते होती. १९९० च्या दशकाच्या आरंभी ती २० लाखांच्या आत आली. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांची स्थिती अधिक बिकट होती. १९२० मध्ये त्यांच्याकडे सुमारे ९ लाख २५ हजार शेते होती; १९९२ मध्ये ती १९ हजारांपेक्षाही कमी उरली. साधारणतः १९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिणेकडील राज्ये सोडून गेले. गाव सोडणे हा त्यामुळे केवळ समलिंगी तरुणाचा अनुभव नव्हता, तर त्याच्या भावाबहिणींचा व शेजाऱ्यांचाही होता. कादंबऱ्यांचा अर्थ लावताना या वस्तुस्थितीकडे बहुधा दुर्लक्ष होते.

खेड्यांत समलिंगी संबंध अज्ञात होते, ही समजूतही पुराव्याला धरून नाही. आल्फ्रेड किन्झी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात पश्चिमेकडील ग्रामीण भागातील गुराखी, लाकूडतोडे व शेतकरी यांच्यामधील अशा संबंधांची स्पष्ट नोंद आहे.

३. आरंभीचे लेखन

कपोटी यांच्या कादंबरीत १३ वर्षांचा जोएल नॉक्स आईच्या मृत्यूनंतर न्यू ऑर्लिन्सहून दक्षिणेतील एका आडबाजूच्या घरी, कधीही न पाहिलेल्या वडिलांकडे पाठवला जातो. वडील अंथरुणाला खिळलेले आहेत. घरात रँडॉल्फ नावाचा, स्त्रीवेष धारण करणारा नातलग आहे. कादंबरीच्या अखेरीस जोएल त्याच घराकडे, खिडकीतील त्या आकृतीकडे वळतो. या प्रवाहातील अगदी आरंभीच्या कृतीत नायकाचा प्रवास शहराकडून खेड्याकडे होतो, ही गोष्ट लक्षणीय आहे. खेडे येथे पडके व विलक्षण आहे, परंतु स्वतःची ओळख पटण्याचे ठिकाणही तेच आहे. खेड्यातून शहराकडे हा एकमेव मार्ग अजून रूढ झालेला नव्हता.

१९६२ मध्ये 'मॅन्युअल एंटरप्रायझेस विरुद्ध डे' या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पुरुषदेहाची छायाचित्रे छापणारी नियतकालिके केवळ त्या कारणाने टपालातून रोखता येणार नाहीत असा निकाल दिला. त्यानंतरच्या काळात समलिंगी विषयावरील स्वस्त कागदी बांधणीच्या कादंबऱ्यांना बाजारपेठ मिळाली. मिसिसिपी राज्यात जन्मलेल्या व महामार्ग विभागात चित्रकार म्हणून नोकरी केलेल्या कार्ल कॉर्ली यांनी १९६६ ते १९७१ या काळात अशा वीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या. टोपणनावाचा सर्रास वापर होत असताना त्यांनी त्या स्वतःच्या नावाने प्रसिद्ध केल्या. दक्षिणेतील खेड्यातील मुलाचे वयात येणे हा त्यांच्या लेखनातील एक आवर्ती विषय होता. वाङ्मयीन दृष्ट्या हे लेखन उपेक्षित राहिले. तथापि इतिहासकार जॉन हॉवर्ड यांनी त्याचा साधन म्हणून गांभीर्याने उपयोग केला.

१९६९ मध्ये जॉन डोनोव्हन यांची 'आय विल गेट देअर. इट बेटर बी वर्थ द ट्रिप' ही किशोर वाचकांसाठीची कादंबरी प्रसिद्ध झाली. समलिंगी आकर्षणाचा विषय हाताळणारी ही पहिली अमेरिकी किशोर-कादंबरी मानली जाते. तिच्यातील १३ वर्षांचा डेव्ही आजीच्या मृत्यूनंतर मॅसॅच्युसेट्समधील लहान गावातून न्यूयॉर्कला येतो. मित्राशी जवळीक झाल्यानंतर त्याचा कुत्रा अपघातात मरतो आणि तो ही आपल्याला झालेली शिक्षा समजतो. आकर्षणानंतर येणारा मृत्यू हा संकेत किशोर वाङ्मयात येथून रुजला. याच वर्षी जून महिन्यात न्यूयॉर्कमध्ये स्टोनवॉलचा उठाव झाला आणि समलिंगी चळवळीचे केंद्र महानगर हेच असल्याची धारणा दृढ झाली. या धारणेला खेड्यातून उत्तरही मिळाले. १९७४ मध्ये आयोवा राज्यातून ग्रामीण समलिंगी पुरुषांसाठी 'आर.एफ.डी.' हे नियतकालिक सुरू झाले. ग्रामीण टपालसेवेच्या नावाची आद्याक्षरेच त्याने शीर्षक म्हणून घेतली होती.

४. रँडल केनन : वारसाचे ओझे

रँडल केनन (१९६३-२०२०) यांचा जन्म न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे झाला. परंतु त्यांचे बालपण नॉर्थ कॅरोलायनातील चिंकापिन या लहानशा वस्तीत नातलगांच्या घरी गेले. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेली 'अ व्हिजिटेशन ऑफ स्पिरिट्स' ही त्यांची पहिली कादंबरी टिम्स क्रीक या काल्पनिक खेड्यात घडते. १६ वर्षांचा होरेस क्रॉस हा हुशार मुलगा, गावातील प्रतिष्ठित कृष्णवर्णीय कुटुंबाचा आशास्थान आहे. या कुटुंबाकडे जमीन आहे, चर्चमध्ये मान आहे आणि गुलामगिरीनंतर पिढ्यान्‌पिढ्या कष्टाने उभी केलेली प्रतिष्ठा आहे. स्वतःतील आकर्षणापासून सुटका व्हावी म्हणून होरेस मंत्रतंत्राच्या साहाय्याने पक्षी होण्याचा प्रयत्न करतो. १९८४ च्या एप्रिलअखेरच्या एका रात्रीत तो भूतकाळाच्या आभासांमधून भटकतो आणि पहाटे बंदुकीने आत्महत्या करतो.

या शोकांतिकेचे कारण केवळ धार्मिक कर्मठपणा नाही. होरेसवर कुटुंबाचे अतोनात प्रेम आहे आणि त्या प्रेमाचे ओझेच त्याला पेलवत नाही. वंशवादाने घेरलेल्या समाजात प्रत्येक तरुणाने पूर्वजांच्या कष्टाचे चीज करावे, अशी अपेक्षा आहे. त्यामुळे त्याचे वेगळेपण हे वैयक्तिक पाप न राहता साऱ्या वंशाशी केलेली प्रतारणा ठरते. धर्मोपदेशक असलेल्या जिमी ग्रीन या नातलगाजवळ तो मन मोकळे करतो, तेव्हा ही अवस्था निघून जाईल अशा आशयाचे उत्तर त्याला मिळते. कादंबरीचा दुसरा पदर १९८५ च्या डिसेंबरमधील आहे. जिमी, आजोबा एझिकिएल आणि वृद्ध रूथ हे आजारी नातलगाला भेटण्यासाठी एकत्र प्रवास करतात. या प्रवासात त्यांचे जुने रुसवेफुगवे बाहेर पडतात, परंतु होरेसच्या मृत्यूच्या कारणाला शब्द मिळत नाहीत.

याच गावात गिडिअन स्टोन नावाचा दुसरा मुलगा आहे. त्याच्या घराला प्रतिष्ठा नाही. लहानपणापासून त्याची टिंगल झाली आहे. तरीही तो स्वतःला नाकारत नाही. गाव तेच, चर्च तेच, शाळा तीच. परंतु एक मुलगा मरतो आणि दुसरा तग धरतो. होरेसच्या मृत्यूचे कारण 'खेडे' या एका शब्दात सांगता येणार नाही, हे केनन यांनी गिडिअनच्या रूपाने कथेतच दाखवून दिले आहे. कादंबरीचा समारोप सामूहिक श्रमाने होणाऱ्या तंबाखूच्या काढणीच्या वर्णनाने होतो. यंत्रे आली, माणसे पांगली आणि एकमेकांना बांधून ठेवणारे श्रमही संपले. होरेस ज्या वारशाखाली चिरडला गेला तो वारसाच त्या वेळी अस्तंगत होत होता, हा या समारोपाचा इतिहासदृष्ट्या महत्त्वाचा अर्थ आहे.

५. जिम ग्रिम्स्ली : भूमिहीन घर आणि घरातील मौन

जिम ग्रिम्स्ली (जन्म १९५५) यांचे बालपण नॉर्थ कॅरोलायनातील पोलॉक्सव्हिल येथे गरिबीत गेले. त्यांच्या 'विंटर बर्ड्स' या पहिल्या कादंबरीला अमेरिकेत दीर्घकाळ प्रकाशक मिळाला नाही. ती १९९२ मध्ये प्रथम जर्मन अनुवादात प्रसिद्ध झाली आणि मूळ इंग्रजीत १९९४ मध्ये आली. घरोघर भटकणारे गरीब कुटुंब, शेतावरील अपघातात हात गमावलेला हिंसक बाप आणि रक्त न गोठण्याचा विकार असलेला लहान मुलगा असे तिचे विश्व आहे.

'ड्रीम बॉय' (१९९५) मधील नेथन हा किशोरवयीन मुलगा आईवडिलांसह एका शेतावरील भाड्याच्या घरात राहावयास येतो. शेतमालकाचा मुलगा रॉय हा शाळेची बस चालवतो. अभ्यास, शेतावरील किरकोळ कामे आणि बसचा रोजचा प्रवास यांतून दोघांचे प्रेम निर्माण होते. नेथनचा मद्यपी, बायबल वाचणारा बाप त्याच्यावर लैंगिक अत्याचार करतो. आईला हे ठाऊक आहे. परंतु ती बोलत नाही. पुढे रानातील एका ओसाड घरात मित्रांपैकीच एकाकडून नेथनवर जीवघेणा हल्ला होतो. त्यानंतरचे कथन संदिग्ध आहे. नेथन मेला की पुन्हा उठला, हे निश्चित सांगता येत नाही. मात्र अखेरीस तो आणि रॉय गाव सोडून निघतात. मृत्यू आणि प्रस्थान हे दोन्ही रूढ शेवट येथे एकमेकांत मिसळले आहेत. १९९६ मध्ये या कादंबरीला अमेरिकन लायब्ररी असोसिएशनचा समलिंगी साहित्यासाठीचा पुरस्कार मिळाला.

क्रॉस कुटुंबाकडे जमीन व नाव आहे. नेथनच्या कुटुंबाकडे दोन्ही नाही. एका घरात अपेक्षा मारक ठरतात, तर दुसऱ्या घरात अत्याचार. तरीही दोन्ही घरांतील एक यंत्रणा समान आहे. माहीत असूनही न बोलणे, हीच ती यंत्रणा होय. मात्र या मौनाचे कार्य सर्वत्र सारखे नाही. नेथनच्या घरात मौन अपराध्याला संरक्षण देते. होरेसच्या घरात ते मदतीची वाट बंद करते.

६. कादंबरी आणि मौखिक इतिहास

मौनाचे तिसरे रूप मौखिक इतिहासात आढळते. जॉन हॉवर्ड यांच्या 'मेन लाइक दॅट' (१९९९) या ग्रंथात मिसिसिपीतील १९४५ ते १९८५ या काळाचा अभ्यास आहे. तेथील समलिंगी पुरुषांचे जीवन घर, चर्च, शाळा, महाविद्यालय व रस्त्याकडेचे थांबे यांतूनच चालत असे, असे त्यांनी दाखवले. स्वतंत्र वस्ती वा मद्यगृहे यांपेक्षा मोटारीने होणारी ये-जा तेथे अधिक महत्त्वाची होती. समाजाला बरेच काही ठाऊक असे. उघड आव्हान दिले जात नाही तोवर त्याकडे काणाडोळा केला जाई. हॉवर्ड यांनी या स्थितीचे उदात्तीकरण केलेले नाही. १९६० च्या दशकात नागरी हक्क चळवळीशी समलिंगी संबंधांचे नाव जोडले जाऊ लागल्यावर दडपशाही वाढली, हेही त्यांनी नोंदवले आहे.

विस्कॉन्सिनमधील दुग्धव्यवसायाच्या शेतावर वाढलेले विल फेलोज यांनी 'फार्म बॉइज' (१९९६) या ग्रंथात मध्य-पश्चिमेकडील शेतकरी कुटुंबांत वाढलेल्या समलिंगी पुरुषांच्या आठवणी संकलित केल्या. वडिलांबरोबर शेतावर राबण्यापेक्षा आईबरोबर बागेत व स्वयंपाकघरात रमणे, एकाकीपणा, धर्माची भीती हे अनुभव त्यांत वारंवार येतात. निवेदकांपैकी बहुतेकांनी पुढे शेती सोडली. तथापि जमीन, जनावरे व श्रम यांविषयीची आत्मीयता आणि घराशी टिकवलेले नातेही त्यांच्या कथनात आहे. कादंबरीत प्रस्थान हा कथेचा शेवट असतो. या कथनांत त्यानंतरही सणासुदीला घरी येणे, आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि अंत्यविधी असे दीर्घ आयुष्य आहे. मेरी ग्रे यांनी केंटकी व परिसरातील तरुणांवर केलेल्या अभ्यासातूनही (२००९) हेच अधोरेखित होते. 'हा अमक्याचा मुलगा' ही ओळख ग्रामीण तरुणाला अडचणीची असते आणि त्याच वेळी ती त्याची सर्वांत मोठी पुंजीही असते.

७. 'प्रस्थान' व 'मृत्यू' या शेवटांची कारणमीमांसा

कादंबरी आणि मौखिक इतिहास यांतील या तफावतीची तीन कारणे संभवतात.

पहिले कारण लेखकांच्या जीवनाशी निगडित आहे. कपोटी न्यूयॉर्कला गेले, केनन यांनी तेथेच एका प्रकाशनसंस्थेत नोकरी केली, ग्रिम्स्ली यांनी अटलांटा शहरात वास्तव्य केले. जे गेले त्यांनी लिहिले. जे राहिले त्यांच्या आयुष्याची कादंबरी झाली नाही. साधनसामग्रीतील ही एकांगिता इतिहासाच्या अभ्यासकाने गृहीत धरली पाहिजे.

दुसरे कारण प्रकाशनव्यवसायाचे आहे. या लेखनाचे प्रकाशक, परीक्षक व वाचक मुख्यतः महानगरीय होते. 'विंटर बर्ड्स'सारख्या कृतीला स्वभाषेआधी परभाषेत प्रकाशक मिळावा, यातून ही चौकट किती अरुंद होती हे स्पष्ट होते. केथ वेस्टन यांनी १९९५ मध्ये समलिंगी कल्पनाविश्वातील महानगराच्या ओढीचे विश्लेषण केले, तर २००५ मध्ये हॅल्बरस्टॅम यांनी महानगरालाच प्रमाण मानणाऱ्या या दृष्टीला स्वतंत्र संज्ञा दिली.

तिसरे कारण आर्थिक आहे. शेती मोडल्याने गाव सोडावे लागणे आणि समलिंगी असल्याने गाव सोडणे, या दोन प्रक्रिया एकाच काळात घडल्या. कादंबरीने पहिल्या प्रक्रियेचे दुःखही दुसरीच्या नावे मांडले. केनन यांनी मात्र तंबाखूविषयीच्या समारोपात या दोन्ही प्रक्रिया वेगळ्या ठेवल्या आणि म्हणून त्यांची कादंबरी इतिहासाच्या दृष्टीने अधिक मौलिक ठरते.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागेल. हिंसा ही केवळ वाङ्मयीन संकेत नव्हती. १९९८ मध्ये वायोमिंग राज्यात मॅथ्यू शेपर्ड या विद्यार्थ्याची झालेली हत्या सर्वज्ञात आहे. नॉर्थ कॅरोलायनासह अनेक राज्यांत समलिंगी संबंध २००३ च्या 'लॉरेन्स विरुद्ध टेक्सास' या निकालापर्यंत कायद्याने गुन्हा होते. भीती खरी होती. प्रश्न भीतीच्या सत्यतेचा नाही. तिच्यावर दोनच उपाय होते, या कथात्मक समजुतीचा आहे.

८. मराठी संदर्भ

मराठीत समलिंगी तरुणाच्या घडणीचे चित्रण प्रथम शहरी मध्यमवर्गीय चौकटीत ठळक झाले. सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६) ही त्याची परिचित साक्ष होय. ग्रामीण साहित्याच्या चळवळीने शेतकरी कुटुंबातील श्रम, भूक व जातिव्यवस्था यांचे सखोल चित्रण केले. हा विषय मात्र तिच्या मुख्य प्रवाहात आला नाही. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटाला जानेवारी २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्र विभागाचा सर्वोच्च परीक्षक पुरस्कार मिळाला. वडिलांच्या निधनानंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि गावातील त्याचा मित्र बाळ्या यांची ही कथा आहे. नायक प्रौढ असला तरी प्रवासाची दिशा पुन्हा शहराकडून खेड्याकडे झाली आहे. विवाहाचा आग्रह धरणारे नातलग आणि मुलाला समजून घेणारी आई एकाच घरात वावरतात. मौनातही जिव्हाळ्याला जागा असू शकते, हे अमेरिकी मौखिक इतिहासातून हाती आलेले सत्य येथे मराठी भूमीत कथारूप झालेले दिसते.

निष्कर्ष

१. अमेरिकी ग्रामीण समलिंगी घडणीच्या कादंबरीतील प्रस्थान व मृत्यू हे शेवट ग्रामीण जीवनाचा थेट पुरावा मानता येत नाहीत. लेखकांचे स्थलांतर, महानगरीय प्रकाशनव्यवस्था आणि कौटुंबिक शेतीचा ऱ्हास यांतून ते संकेतरूपाने रूढ झाले.

२. या कादंबऱ्यांचे साधनमूल्य शेवटात नसून कौटुंबिक श्रम, वारसाहक्काच्या अपेक्षा, चर्चचे स्थान आणि घरातील मौन यांच्या तपशिलात आहे.

३. मौन एकजिनसी नाही. ते अत्याचाराला पाठीशी घालते, आधार नाकारते आणि काही प्रसंगी सहजीवनाला वावही देते. कोणत्या घरात ते कोणते कार्य करते, हे जमीन, जात वा वंश आणि प्रतिष्ठा यांवर अवलंबून असते.

४. ग्रामीण भागातील महाविद्यालयांत असे साहित्य शिकवताना केवळ शेवटाच्या आधारे निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याला त्यातून 'निघून जा किंवा नाहीसा हो' एवढाच संदेश मिळू शकतो. होरेसबरोबर गिडिअनही त्याच गावात वाढला, ही गोष्ट त्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.